गोचीड परवडला, पण बाटली नको

वळवाचे दोन सपाटे पडून गेले की आमच्या दवाखान्यात गोचिडाचा सीझन सुरू होतो. कुत्रेवाले तर असतातच, पण हल्ली मांजरवाले पण लई विचारायला लागलेत, म्हणून या अंकात मांजर आणि गोचीड एवढाच विषय घेतलाय. लांबलचक प्रश्न थोडे कापलेत, नावं कुणाचीच देत नाही, नुसती पेठ किंवा गाव.

प्रश्न : मॅडम, आमची मनी २ वर्षांची आहे. दारात ४ म्हशी आहेत त्यामुळं ती दिवसभर गोठ्यातच पडून असते. तिच्या कानामागं ३-४ गोचीड दिसले म्हणून आमच्या धाकट्या भाऊजींनी म्हशीला मारायचं औषध होतं त्यातलंच पाण्यात घालून फडक्यानं तिला पुसून काढलं. रात्री ती थरथरायला लागली, कान फडफड उडवत होती, तोंडाला लाळ. सकाळी दवाखान्यात नेली, २ दिवस सलाईन लागलं, वाचली बिचारी. भाऊजी अजून म्हणतात की औषध चमचाभर पण नव्हतं, गोचिडाचंच विष चढलं असणार. खरं काय ते सांगा, घरात रोज वाद चाललाय. (मंगळवार पेठ)

उत्तर : वाद आजच मिटवा ताई, औषधानंच झालं ते. गोचिडाच्या लाळेनं लकवा मारतो हे खरंय, ऑस्ट्रेलियात एक जात आहे तिच्यामुळं कुत्री-मांजरं लुळी पडतात, पण लुळी पडतात हां, थरथरत नाहीत. अंग कापणं, कान उडणं, लाळ गळणं, मग फिट येणं, हे सगळं गोठ्यातल्या बाटलीचं लक्षण.

त्या बाटलीत बहुतेक वेळा सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन नाहीतर फ्लुमेथ्रिन असतं. कुत्र्याच्या काही थेंबांत आणि पावडरीत पर्मेथ्रिन असतं. ही सगळी एकाच भावकीतली, मूळ पुरुष म्हणजे शेवंतीच्या जातीचं एक पांढरं फूल, त्याच्यातल्या रसावरून माणसानं ही औषधं बनवली. म्हणूनच कुणी दुकानदार "फुलापासनंच बनलंय, काय होत नाही" असं म्हणतो ते अर्धं खरं असतं आणि त्या अर्ध्यानंच घात होतो. म्हशीच्या, कुत्र्याच्या, आपल्या यकृतात हे औषध मोडून लघवीवाटे बाहेर टाकायची जी यंत्रणा आहे ना, ती मांजराच्या यकृतात फार लंगडी आहे. पिढ्यान्‌पिढ्या नुसतं मांस खाऊन जगलेला प्राणी, झाडपाल्यातली विषं मोडायची त्याला वेळच आली नाही, आणि तो जीनच निकामी होऊन बसला. त्यामुळं औषध अंगात तसंच फिरत राहतं आणि नसांना झटके देत राहतं. त्यात म्हशीचं वजन ४००-५०० किलो आणि तुमच्या मनीचं ३. आणि वरनं मांजर स्वतःला चाटतंय, म्हणजे कातडीतनं गेलं ते गेलंच, उरलेलं पोटात.

माझ्या लहानपणची गोष्ट सांगते. आठवीत होते, आजोबांनी कुत्र्याची पिसवांची पावडर आमच्या बोक्याला चोळली, चांगली रगडून, प्रेमानं. संध्याकाळी बोका गेला. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं की परड्यात साप चावला. मी पण तेच मानलं, कितीतरी वर्षं. मग कॉलेजात विषबाधेचा धडा चालू असताना बाकावर बसल्या बसल्या एकदम तो बोका आठवला आणि पुढचं मला काहीच ऐकू आलं नाही. आजोबा तोपर्यंत नव्हते, ते एक बरं झालं. तेव्हा भाऊजींना जास्त बोलू नका, मुद्दाम कुणीच करत नाही.

परत कधी असं घडलं, तुमच्याकडं किंवा शेजारी, तर पहिलं काम अंगावरचं औषध काढायचं. कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड, दोन-तीनदा धुवायचं. कडक पाण्यानं नको, त्यानं कातडीतलं रक्त वाढतं आणि औषध आणखी आत जातं. पुसून टॉवेलात गुंडाळायचं कारण गारठलं की थरथर वाढते, आणि सरळ दवाखाना. दूध, तूप, मीठ पाजत बसू नका. लक्षणं एक-दोन तासात पण येतात आणि कधी कधी दुसऱ्या दिवशी पण, त्यामुळं "आत्ता तर ठीक दिसतंय" म्हणून घरी थांबू नका.

घरात कुत्रं आणि मांजर दोन्ही असतील आणि कुत्र्याला असले थेंब टाकले असतील तर निदान ३ दिवस दोघांना एकत्र झोपू देऊ नका. आणि गोठा फवारायचा असेल त्या दिवशी मनीला घरात कोंडा, सगळं वाळल्याशिवाय बाहेर सोडू नका. म्हशींचं औषध बंद करा असं मी म्हणत नाही, ते लागतंच.

प्रश्न : गोचीड काढायची बरोबर पद्धत काय? सासूबाई म्हणतात रॉकेल लाव, मिस्टर म्हणतात उदबत्तीचा चटका दे आपोआप सुटतो. मागच्या वेळी ओढून काढला तर मुंडकं आतच राहिलं, आता ते आत वाढेल का? (राजारामपुरी)

उत्तर : शेवटचं आधी. मुंडकं आत वाढत नाही, ती काय बटाट्याची फोड नाही. आत राहतो तो तोंडाचा काटेरी भाग, मेलेला. थोडी गाठ येते, कुसळ जसं बाहेर पडतं तसं ते काही दिवसांनी पडतं. टोकरत बसलात तर मात्र पिकतं.

रॉकेल, चटका, तेल, नेलपॉलिश, चुना, सगळं बंद. गोचिडाला गुदमरवलं की तो लगेच सुटत नाही, आणि त्रास झाला की पोटातलं-लाळेतलं परत जखमेत सोडू शकतो, म्हणजे रोगाचे जंतू असतील तर आपणच आत ढकलायचे. शिवाय रॉकेल मांजर चाटणार. बारीक टोकाचा चिमटा घ्या, भुवयांचा प्लकर पण चालतो, केस बाजूला करून गोचिडाला अगदी कातडीलगत धरा, फुगलेल्या पोटाला नाही, आणि सरळ वर हळूहळू एकसारखं ओढा. झटका नको. निघाला की स्पिरिटच्या बाटलीत टाका. नखावर चिरडायची जी सवय आहे आपल्याकडं, तो टचकन आवाज ऐकल्याशिवाय काहींना चैन पडत नाही, ती सोडा, ते रक्त तुमच्या नखात जातं. जागा पुसा, हात धुवा, झालं.

आणि उशीर करू नका. बऱ्याच रोगांचे जंतू पुढं जायला गोचीड काही तास, काही वेळा दीड-दोन दिवस चिकटून असावा लागतो, म्हणून संध्याकाळी एकदा हात फिरवून बघणं हे महागातल्या महाग औषधाइतकं कामाचं आहे. मांजर अंगभर चाटतं आणि बरेचसे गोचीड स्वतःच काढून टाकतं, त्यामुळं जीभ पोचत नाही तिथंच बघायचं : कानाच्या आत-मागं, हनुवटीखाली, मान, डोळ्यांजवळ आणि बोटांच्या बेचक्यात.

प्रश्न : आमच्या बोक्याच्या पोटावर दोन ओळीत बारीक बारीक गोचीड आहेत, कितीही ओढले तरी निघत नाहीत, ओढलं की चावतो. (उचगाव)

उत्तर : दादा, थांबा! ते गोचीड नाहीत, स्तनाग्रं आहेत. बोक्याला पण असतात, तुम्हाला नाहीत का? चावतो ते बरोबरच करतो. यात हसण्यासारखं काही नाही, दवाखान्यात असे लोक येतच असतात. फुंकर मारून केस बाजूला करा आणि पाय दिसतात का बघा, मोठ्या गोचिडाला ८ पाय असतात, बारक्या नुकत्या फुटलेल्याला ६.

प्रश्न : मॅडम, म्हशीला होतो तोच गोचीड ताप मांजराला होतो का? आमची चिंगी ४ दिवस खात नाही, अंग गरम लागतं, हिरड्या पिवळट दिसतात. मागच्या महिन्यात तिच्या अंगावर गोचीड होते. मुलीनं गुगलवर वाचलं की अमेरिकेत गोचिडामुळं मांजरं आठवड्यात मरतात, ती रडायला लागलीय. ताप उतरावा म्हणून आमच्या घरातली तापाची गोळी पाव देऊ का? (कळंबा)

उत्तर : गोळी देऊ नका. हे वाचायच्या आधी दिली असेल तर वाचणं सोडा आणि आत्ता निघा. आपली तापाची साधी गोळी म्हणजे पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते आणि पाव पण सुरक्षित नाही. परत तेच, यकृताला मोडता येत नाही. रक्त चॉकलेटसारखं तपकिरी होतं, ते ऑक्सिजन वाहून नेत नाही, हिरड्या मातकट पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. यावर उतारा आहे पण तो लवकर गेला तरच उपयोगाचा.

आता मुलीची भीती. तिनं वाचलंय तो रोग आहे, खरा आहे, १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरीत पहिल्यांदा नोंदला गेला, तिथल्या बॉबकॅट नावाच्या रानमांजरात त्याचे जंतू असतात आणि तिथलीच एक गोचिडाची जात ते घरच्या मांजरात नेते. ती जात आपल्याकडं नाही. तेव्हा डोळे पूस म्हणावं. लाइम नावाचा दुसरा एक रोग पण इंटरनेटवर सारखा दिसतो, त्यानं मांजरं सहसा आजारीच पडत नाहीत.

म्हशीचा गोचीड ताप म्हणजे थायलेरिया, बबेसिया, अ‍ॅनाप्लाझ्मा असे वेगवेगळे रोग एका नावाखाली घातलेत आपण. लाल लघवी झाली की गवळी लोक लगेच ओळखतात. पण गुरांचे ते जंतू गुरांचेच, मांजरात जाऊन ते आजार करत नाहीत. आणि गुरांचा जो नेहमीचा गोचीड आहे तो लहानाचा मोठा एकाच जनावरावर होतो, उठून दुसरीकडं जायची त्याला हौस नसते. मांजरावर येतो तो जास्त करून कुत्र्याचा तपकिरी गोचीड, नाहीतर गवतातनं उसातनं आलेला. त्यातनं एर्लिकिया, अ‍ॅनाप्लाझ्मा, हेपॅटोझून, बबेसिया या रक्तातल्या जंतूंच्या गुरांपेक्षा वेगळ्या काही जाती मांजरात येऊ शकतात, पण कुत्र्याच्या मानानं कमी.

मला चिंगीच्या बाबतीत जास्त संशय आहे तो मायकोप्लाझ्माचा. हा जंतू तांबड्या पेशींना बाहेरून चिकटतो, शरीर मग स्वतःच त्या पेशी फोडायला लागतं, म्हणून रक्त कमी आणि कावीळ. लोक याचा पण दोष गोचिडाला देतात, पण मारामारीत चावण्यातनं तो जातो असं दिसतं आणि पिसवांवर पण संशय आहे. रात्री कौलांवर भांडणाऱ्या बोक्यांना जास्त. अर्थात कागदावरनं निदान होत नाही, पिवळ्या हिरड्या यकृताच्या दुखण्यात पण होतात, आणि मांजर ३-४ दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून तेवढ्यानं पण कावीळ होते, त्यामुळं "खाईल उद्या" हे वाक्य कुत्र्याला चालतं, मांजराला नाही. तिला घेऊन जा, ताप थर्मामीटरनं बघतील (मांजराचं नॉर्मलच १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं म्हणून ते आपल्या हाताला कायम गरमच लागतं), रक्त तपासतील आणि रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. काचपट्टीत काही दिसलं नाही म्हणजे रोग नाही असं नव्हे, हे जंतू एक दिवस दिसतात एक दिवस नाही. पीसीआर (जंतूचा डीएनए शोधायची तपासणी) होत असेल तर उत्तम.

बहुतेक डॉक्सीसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक सुरू करतील, दोन-चार आठवडे. ही गोळी मांजराला कोरडी देऊन सोडू नका, अन्ननलिकेत अडकून तिथं जखम करते आणि ती जागा आकसली की मग पोराला घास जात नाही. गोळीच्या मागनं सिरिंजनं ५-६ मिली पाणी हळूहळू पाजा नाहीतर थोडं खायला द्या. आणि दोन दिवसांत खायला लागली म्हणून बंद करू नका, हा रोग परत उसळतो.

प्रश्न : जुना दगडी वाडा आहे. कुत्र्याला मांजराला दोघांना औषध झालं तरी महिन्यानं परत गोचीड. भिंतीवर चढताना दिसतात. रोज फिनेलनं पुसतो, कोपऱ्यात डांबर गोळ्या टाकल्यात. (शिवाजी पेठ)

उत्तर : भिंतीवर चढतो म्हणजे तपकिरी गोचीडच. बाकीच्या बऱ्याच जातींना गवत-झाडोरा लागतो, याला तुमचा वाडा पुरतो. मादी रक्त पिऊन टरटरली की खाली पडते, भिंतीच्या फटीत, चौकटीमागं, तुळईत जाते, हजार-दोन हजार, कधी चार हजारापर्यंत अंडी घालते आणि मरते. त्यातनं निघालेली बारकी पिल्लं कुत्र्यावर चढतात, पितात, उतरतात, कात टाकतात, परत चढतात, असं तीनदा. ऊबेत हा सगळा फेरा दोनेक महिन्यात होतो आणि मोठा गोचीड न खाता कितीतरी महिने फटीत बसून राहू शकतो. म्हणजे तुम्ही अंगावरचे मारले, घरात बसलेले रांगेत आहेत.

तेव्हा फटी सिमेंटनं नाहीतर चुन्यानं बुजवा. कुत्रं झोपतं ते पोतं जाळून टाका, नवीन अंथरूण आठवड्याला उकळत्या पाण्यातनं काढा. व्हॅक्यूम असेल तर कोपरे ओढा. कुत्र्याचं औषध ३-४ महिने सलग करा, मध्ये खंड नको, खरं मूळ कुत्र्यात आहे आणि मांजर तुमचं फुकट भरडलं जातंय. पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर मांजर २-३ दिवस पाहुण्यांकडं, माशांची टाकी असेल तर ती पण झाका.

फिनेल आणि डांबर गोळ्यांचं काय सांगू. गोचिडाला काही होत नाही आणि मांजराला दोन्ही बाधतात. फिनेलवरनं ते चालतं, मग पंजे चाटतं. कापूर पण नको, निलगिरी तेल नको, कडुनिंबाचं तेल अंगाला चोळणं नको, "आयुर्वेदिक आहे" असं म्हटलं तरी नको. तंबाखूचं पाणी तर नकोच नको, निकोटिन ते. कुणीतरी लसूण खायला घाला असं पण पसरवलंय, लसणानं आणि कांद्यानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

मग लावायचं काय? मांजरासाठीच असं छापलेले फिप्रोनिलचे मानेवर टाकायचे थेंब मिळतात, फ्लुरालेनर आहे, सॅरोलेनर-सेलामेक्टिन एकत्र असलेलं आहे. वजन करून, डॉक्टरांना विचारून. आधी कधी फिट आलेल्या मांजराला ही शेवटची दोन देण्याआधी आवर्जून सांगा. थेंब डोक्याच्या मागं मानेवर, केस दुभंगून कातडीवर टाका, केसांवर नाही, जीभ पोचणार नाही अशा जागी, आणि आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको. कुत्र्याची मोठी ट्यूब आणून अर्धी कुत्र्याला अर्धी मांजराला असा हिशेब करू नका, कोल्हापुरात आपण चहा निम्मा-निम्मा करतो, हे नाही. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्यापासनं लांब, सशाला ते विष आहे.

प्रश्न : मांजरावरचा गोचीड नातवाच्या मानेला चिकटला होता. आम्ही चंदगड भागातले, पलीकडं दोडामार्गला माकडताप ऐकतो. मांजर सोडून यावं का? (चंदगड)

उत्तर : काका, मांजर सोडू नका. माकडताप हा विषाणूचा आजार, १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, दोडामार्गात माणसांना झाला तो २०१६ मध्ये. तो पसरवणारा गोचीड रानातला, त्याची बारकी पिल्लं साधारण डिसेंबर ते मे मध्ये चावतात, लाकूडफाट्याला, काजूला, पानं गोळा करायला रानात जाणाऱ्याला धोका जास्त. त्यात मांजराचा वाटा मोठा नाही. रानात जाताना अंगभर कपडे, आल्यावर गरम पाण्यानं अंघोळ, कपडे धुवायला, आणि आसपास माकडं मेलेली दिसली तर आरोग्य केंद्रात कळवायचं, हात लावायचा नाही.

नातवाचा गोचीड निघाला असेल तर घाबरू नका, तारीख लिहून ठेवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यात ताप, डोकेदुखी, तळहात-तळपायावर पुरळ, नाहीतर चावलं तिथं काळी खपली आली तर डॉक्टरांना "गोचीड चावला होता" हे शब्द आपणहून सांगा. आपल्या देशात गोचिडातनं टिक टायफस होतो, बहुतेक कुत्र्याच्या गोचिडातनं, आणि डॉक्टरांना वेळेवर कळलं तर औषध साधं आहे. लोक यात स्क्रब टायफस मिसळतात, तो गोचिडाचा नाही, गवतातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारक्या किड्याच्या पिल्लांचा. आणि मांजर ओरबाडल्यावर बगलेत गाठ येऊन ताप येतो तो तिसराच, त्याचे जंतू मांजरा-मांजरात पिसवा पसरवतात.

प्रश्न : ५ आठवड्यांची ३ पिल्लं आहेत, आई गेली. अंगावर गोचीड आणि काळे दाणे. कुठलं औषध? (रंकाळा परिसर)

उत्तर : घरी कुठलंच नाही. ८ आठवड्यांच्या आत मानेवरचे थेंब टाकत नाहीत. काळे दाणे ओल्या पांढऱ्या कापसावर घासा, तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे तुमच्या पिल्लांचंच रक्त. बारीक फणीनं विंचरा, फणी साबणाच्या पाण्यात बुडवत राहा, गोचीड चिमट्यानं एकेक. अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं जेमतेम ३० मिली, कटिंग चहाचा निम्मा ग्लास पण भरत नाही, त्यामुळं ८-१० गोचीड म्हणजे चेष्टा नाही. ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी असेल तर उद्या सकाळी आणा, पांढरी असेल तर आत्ता, येताना बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवा.